पुड्यावरचं कुंकू

लष्कर मोहल्ल्यातल्या कारखान्यात जाऊन भवानीबाईंनी उदबत्तीचा पुडा मालकापुढे ठेवला. पुड्यावर त्यांचंच तोंड होतं, नथ आणि ठसठशीत कुंकवासकट. पलटणीबरोबर मिसरच्या लढाईवर निघण्याआधी नवऱ्याने हौसेने त्यांचा हा फोटो काढवून घेतला होता. तो परत आलाच नाही. “माझं तोंड काढा यावरून,” त्या म्हणाल्या. मालक शांतपणे म्हणाले, “तोंड तुमचं असेल, अम्मा. छाप माझी आहे. फोटोवाल्याकडून या फोटोची मूळ काच विकत घेतली, छाप कचेरीत नोंदवली. उद्या तुम्ही उदबत्ती विकलीत, तर हे चित्र तुम्हालाही लावता येणार नाही.” तेवढ्यात शुक्रवारच्या पूजेचं तबक घेऊन मालकीणबाई आल्या. भिंतीवर तीच छाप चौकटीत होती, कारखान्याची लक्ष्मी म्हणून. त्यांनी चित्रातल्या कपाळाला कुंकू लावलं, निरांजन उचललं आणि भवानीबाईंच्या पांढऱ्या कपाळाकडे पाहून त्या म्हणाल्या, “तुम्ही जरा बाहेर थांबा. लक्ष्मीला ओवाळायचंय.”