फोनवरचा घरजावई

"माझ्या मुलाचा फोन तुम्ही ऐकत होतात," बाई म्हणाली. "वर्षभर. नाही म्हणू नका."

टेबलापलीकडच्या साहेबाने नेमकं नाहीच म्हटलं. असं कुणी कुणाचं ऐकत नाही, कायदा आहे, परवानग्या लागतात. बोलता बोलता तो मिशीवरून हात फिरवत होता.

"तोंडावरचा हात काढून बोला."

दाराशी उभ्या शिपायाने हसू गिळलं. हे ऑफिस आहे, जरा हळू बोला, असं साहेबाने बजावलं. तीस वर्षं यंत्रमाग चालवलेत, तिने सांगितलं. त्या खडखडाटात हळू बोलणाऱ्याला कुणी विचारत नाही.

मुलगा परगावी बांधकामावर वेल्डर होता. विसाव्या मजल्याला कठडा नाही, कमरेला पट्टा नाही, म्हणून त्याने माणसं जमवून काम थांबवलं. त्याने सुरक्षा मागितली, तर यांच्या मते देशाची सुरक्षा धोक्यात आली. लागलीच फोनवर पहारा. सुट्टीला घरी आला तेव्हा त्यानेच आईला समोर बसवून सांगितलं होतं, जपून बोल, मध्ये एकजण बसलेला असतो. त्याला नावही ठेवलं होतं. घरजावई. घरात ठाण मांडलंय आणि काडीचं काम करत नाही.

मागच्या महिन्यात मुलगा त्याच मजल्यावरून पडला. कठडा तेव्हाही नव्हता.

साहेबाने दुःख व्यक्त केलं. मग देशावर घसरला. हजारांत एक तरी वाईट निघतोच, त्या एकासाठी सगळ्यांवर नजर ठेवावी लागते, सरळ माणसाने भ्यायचं कशाला? बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"पडायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता," ती म्हणाली. "तुम्हाला शिव्या घालत होता. तुमचं ऑफिस जाळीन म्हणाला."

"साफ खोटं," साहेब उसळला. "असलं काही बोलला नाही तो. मेलेल्या पोराच्या तोंडी काहीही घालू नका."

मग त्याचं त्यालाच कळलं. शिपाई भिंतीकडे बघू लागला.

आता ही वकील आणणार, पेपरात देणार, हे साहेब धरूनच चालला. त्याने शिपायाला बाहेर काढलं, दार लावलं आणि काय हवंय ते विचारलं.

बाईने खुर्ची ओढली आणि अगदी त्याच्या तोंडासमोर बसली.

"मागांनी माझे कान नेले, साहेब. त्याला कळू दिलं नाही, काम सोडून घरी येऊन बसला असता. समोर असला की ओठ वाचायचे. फोनवर नुसती हो हो करायचे. त्या दिवशी बराच वेळ फोन चालू होता. मी हो हो केलं आणि ठेवला."

तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"ऐकणारे तुम्ही एकटेच होतात. सांगा, काय म्हणाला माझा मुलगा?"