मशीनचा पट्टा

"सोडू नकोस," सासरे मशीनखालून म्हणाले.

सुनेने दोन्ही हात आणि एक गुडघा लावून कपडे धुण्याचं मशीन मागे कलतं धरलं होतं. विटा लावू या, असं तिने सुचवलं होतं. सासऱ्यांनी मान हलवली. वीट सरकते, माणूस सरकत नाही, म्हणाले. मग जुनी चादर अंथरून ते पाठीवर आडवे झाले आणि छातीपर्यंत आत सरकले. मोरीत जागा एवढीच होती की ते आत असताना तिला पाऊलही उचलता येत नव्हतं.

सासरे चौतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात फिटर होते. मेकॅनिकला बोलावणं म्हणजे विकतचं दुखणं, असं त्यांचं मत. अकरा दिवसांपूर्वी मशीन बंद पडलं, तेव्हा त्यांनी नुसतं कान देऊन ऐकलं. मोटर फिरते आणि टब फिरत नाही, म्हणजे पट्टा गेला. उघडून बघायचीही गरज नाही. एवढ्या जुन्या मशीनचा पट्टा मागवून मिळायला मात्र वेळ लागला. तोवर सासूबाईंच्या चादरी घेऊन सून रोज दुपारी रस्त्यापलीकडच्या लाँड्रीत जात होती.

आतल्या खोलीतून हाक आली. सासूबाईंना उशी सरकवून हवी होती. दोन वर्षांपासून त्यांची डावी बाजू हलत नव्हती. आवाज मात्र खणखणीत होता. आलेच हं आई, असं सुनेने इथूनच सांगितलं. तिने गुडघा आणखी दाबला.

खालचा पान्याचा आवाज थांबला.

तिला सासऱ्यांचा चेहरा दिसत नव्हता, पाय स्थिर होते. मग चादरीवरून एक हात बाहेर आला. त्यात तुटका पट्टा होता.

"झिजलेला पट्टा धाग्याधाग्याने सुटतो," ते आतूनच म्हणाले. "हा सुरीने कापलाय."

मशीन सोडून जाता आलं असतं, तर सून गेली असती. कुठे, ते तिलाही सांगता आलं नसतं. शनिवारी नवरा गावाहून आला की हे त्याच्या कानावर जाणार. तो रागावणार नाही. तो फक्त विचारेल, तुला इथे काय कमी आहे? आणि त्याचं उत्तर तिला देता येणार नाही, कारण कमी काहीच नव्हतं.

"मागचं झाकण एकटीने उघडलंस?"

"हो, बाबा."

"प्लग काढला होतास ना?"

"काढला होता."

"मग ठीक."

पुन्हा पान्याचा आवाज सुरू झाला. नवा पट्टा ताठ होता, मोठ्या चाकावर बसायला तयार नव्हता. ते एकदा चढवत, तो निसटे, ते पुन्हा चढवत. मध्येच त्यांनी विचारलं, तिथे लाँड्रीत बसून करतेस काय? ती म्हणाली, काही नाही, बाकावर बसते. बाकीचेही बसलेले असतात. मशीनच्या काचेतून कपडे फिरताना दिसतात.

मग थोड्या वेळाने तिने आपणहून सांगितलं, "दीड तास कुणी हाक मारत नाही."

पट्टा चाकावर बसल्याचा खट्ट असा आवाज झाला. ते सरपटत बाहेर आले, तिच्या हातांशेजारी हात लावून त्यांनी मशीन हळूच खाली टेकवलं. तिच्या तळव्यांवर पत्र्याच्या कडेचे लाल वळ उठले होते. त्यांनी ते पाहिले. तुटका पट्टा कचऱ्याच्या डब्यात न टाकता त्यांनी चार घड्या करून खिशात घातला. मुलाला झिजला होता म्हणून सांगेन, म्हणाले.

तिने हळूच विचारलं, आणखी चार दिवस नाही का राहिलं असतं तसंच?

सासरे फडक्याने एकेक बोट पुसत राहिले. ग्रीस नखांत गेलं होतं.

"आईची औषधं खाली कोपऱ्यावर मिळतात," ते म्हणाले. "मी पुलापलीकडच्या दुकानातून आणतो. चालत जातो, चालत येतो. मधे एक कट्टा आहे, तिथे टेकतो."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते अजून नखाशीच खेळत होते.

"माझी जायची वेळ दुपारचीच. तू लाँड्रीत गेलीस की इथे मला बसावं लागतं. अकरा दिवस झाले, मी जिना उतरलो नाही."

त्यात तक्रार नव्हती. पंपात बिघाड कुठे आहे हे जसं साहेबांना सांगत असतील, तसं त्यांनी सांगितलं. तिने बादलीतल्या चादरी उचलून टबात टाकल्या, साबण घातला. त्यांनी प्लग लावला आणि बटण फिरवलं.

आतून हाक आली. या वेळी सासूबाईंनी कुणाचं नाव घेतलं नाही. कोण आहे गं तिकडे, एवढंच विचारलं.

नळी थरथरली आणि मशीनमध्ये धो धो पाणी पडू लागलं. हाक पुन्हा आली, पण त्या आवाजात ती नीट ऐकू आली नाही, असं म्हणता आलं असतं.

पाणी भरेपर्यंत दोघंही झाकणावर हात ठेवून तिथेच उभी राहिली.