मधल्या घरातली फुली

"आज उत्तरं नकोत मला," लायल म्हणाला.

निर्माता फेल्टननं मान वर केली. गेले कित्येक आठवडे, कार्यक्रमाआधी याच खोलीत लायलला प्रश्न मिळत होते, उत्तरांसकट. कुठे अडखळायचं, कपाळावरचा घाम कधी टिपायचा, तेही. मग संध्याकाळी अख्खी अमेरिका टीव्हीसमोर बसून फुली-गोळ्याच्या नऊ घरांत दर बरोबर उत्तराला त्याची फुली पडताना बघायची. न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर लोक त्याच्या सह्या घ्यायचे आणि या बिचाऱ्याला आरशात बघवत नव्हतं.

"अरे, हरशील!"

"हरेन. पण एकदा तरी माझ्या डोक्यानं खेळू दे की!"

"बरं बाबा, खेळ."

फेल्टन इतक्या सहज ऐकेल असं लायलला वाटलं नव्हतं. काल रात्री त्यानं बायकोलाही हेच सांगितलं, तेव्हा आयरीननं त्याचा हात घट्ट धरला होता. "तू जिंकशीलच. माझी खात्री आहे."

दिवे लागले. समोर टकर, ओहायोचा औषधवाला. गडी भलताच हुशार निघाला. लायल एक प्रश्न चुकला आणि टकरचे दोन गोळे लागोपाठ पडले. मधलं घर मिळालं की त्याचा खेळ फत्ते.

"व्होल्गा नदी कोणत्या समुद्राला मिळते?"

टकरनं घाम टिपला, ओठ चावला. "काळ्या समुद्राला."

"चूक!"

आता मधलं घर लायलनं मागितलं. त्याच्याही दोन फुल्यांच्या मधे तेच घर रिकामं होतं.

"टास्मानियाची राजधानी?"

हे कोणी शिकवलं नव्हतं. मग लायलला लहानपणी जमवलेलं, होबार्टचा शिक्का असलेलं टास्मानियाचं एक पोस्टाचं तिकीट आठवलं.

"होबार्ट!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. प्रेक्षकांत आयरीन हमसून हमसून रडत होती. लायलचेही डोळे भरून आले. जिंकलो, स्वतःच्या अकलेवर जिंकलो! कुणाशी हस्तांदोलन करायलाही तो थांबला नाही. बायकोला मिठी मारायला धावतच रंगमंचामागे गेला.

पडद्यापलीकडून तिचा आवाज आला. ती टकरशी बोलत होती.

"उपकार झाले तुमचे, मिस्टर टकर. मी आज सकाळी फेल्टनसाहेबांच्या हातापाया पडले, म्हणून त्यांच्या सांगण्यावरून तुम्ही मुद्दाम चुकलात. नाहीतर माझ्या नवऱ्याला स्वतःच्या जिवावर कधीच जमलं नसतं हो!"