माठाखालची बाटली

प्राणायामाने बायकोचा मधुमेह गेला, एवढं ठरलं की चौपन्न सालच्या वर्ध्यात केशवमास्तरांची आरती ओवाळली जाणार होती. प्रमोदिनीचा, म्हणजे बायकोचा, फायदा लहानसा: घरातली कटकट टळे. म्हणून ती चारचौघांत श्वास कोंडून बसे आणि माठाखालच्या ओल्या वाळूत लपवलेल्या बाटलीतलं इन्सुलिन गुपचूप टोचून घेई. आज कापसाच्या जिनातला मुकादम आपल्या मधुमेही लेकीला खांद्यावर घेऊन हसतच आला. “गुरुजी, वैनीले पाहून पोरीची सुई म्या बंद केली. पाहा, झोपेतबी कसा खोल श्वास घेऊन राह्यली!” “बघितलंस?” मास्तर बायकोकडे वळले. प्रमोदिनीने वाकून पोरीचा श्वास ऐकला. सुई थांबली की शेवटी असाच श्वास लागतो, डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. तिने सर्वांदेखत वाळू उकरून बाटली काढली. आरती मास्तरांची व्हायची, कटकट तिची टळायची. किंमत मात्र मुकादमाची लेक मोजत होती, एकेका श्वासाने.