सात किलोला मरण नाही

"अहो, वर्षभरात ज्या वस्तूला हात लागला नाही ती घराबाहेर. अपवाद नाही," चारुशीलानं बजावलं आणि विजयकुमार निमूटपणे स्टुलावर चढला.

शुक्रवारची, सुट्टीची सकाळ. आखातातल्या सालमियाच्या त्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, कारण चारुशीला पसारा आवरत होती. महाराष्ट्र मंडळात कुणी एक बाई 'पसारा कमी, ताण कमी' असं भाषण देऊन गेल्या होत्या, आणि हिला आपल्या डोकेदुखीचं मूळ सापडलं होतं. हॉलमध्ये तीन ढीग: ठेवायचं, खालच्या रखवालदाराला, म्हणजे हारिसला द्यायचं, टाकायचं. विजयकुमारचे दोन आवडते शर्ट तिसऱ्या ढिगात आधीच जाऊन पडले होते. त्यानं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

कपाटावरून सगळ्यांत शेवटी खाली आलं ते ब्लँकेट. मरून रंगाचं, मोठमोठ्या गुलाबांचं, चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत अजून घडी न मोडलेलं.

"हे अजून इथेच?" चारुशीला म्हणाली.

ते नाशिकला जायचं होतं, आईसाठी. अठ्ठ्याण्णव साली तिनं फोनवर मागितलं होतं. "शेजारच्या द्वारकाबाईंच्या मुलानं मस्कतहून आणलंय. काय ऊब असते रे त्याला! तुला जमलं तर हो. जड असतं म्हणे." मुलाकडे तिनं आजवर मागितलेली एवढी एकच वस्तू. त्याच आठवड्यात तो ती घेऊन आला होता.

पण सुट्टीला निघायच्या आदल्या दिवशी इथल्या प्रत्येक घरात एक सोहळा होतो. बॅग उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं, त्यातून आपलं वजन वजा करायचं आणि तीस किलोच्या वर गेलं की काढायचं काय, यावर काथ्याकूट करायचा. चार किलोचा मिक्सर काढता येत नव्हता, तो धाकट्या भावाच्या, सुशांतच्या बायकोनं सांगितलेला. दूध पावडरचे डबे मेव्हण्याचे. भाच्याचा व्हिडिओ गेम, कुणाची अत्तरं, कुणाची चॉकलेटं. एक जरी राहिलं असतं तरी तोंडं फुगली असती. बॅग शिगोशीग भरायची आणि ब्लँकेट बाजूला वाट बघत पडलेलं असायचं. विजयकुमार त्याच्याकडे एक नजर टाकायचा.

"सात किलोला मरण नाही याला," तो म्हणायचा. "आई काय, घरचीच. पुढच्या वेळी नेऊ."

अशा सहा सुट्ट्या झाल्या. आई एकदाही रुसली नाही. रुसली असती तर कधीच गेलं असतं ते.

"या वेळी हेच न्यायचं," विजयकुमार एकदम म्हणाला. "बाकी सगळ्यांची तोंडं फुगू देत."

चारुशीला पिशवीवरची धूळ पदरानं पुसत होती. "मीसुद्धा एकदाही म्हटलं नाही हो, की तो मिक्सर राहू द्या."

त्यानं तिथल्या तिथे नाशिकला फोन लावला.

"आई, पुढच्या महिन्यात येतोय. तुझं ब्लँकेट आणतोय."

"कुठलं रे?" मग तिला आठवलं. "अगंबाई, ते होय! अजून ठेवलंयस?" तिला झालेला आनंद इथपर्यंत पोचला. "पण आता नको आणूस, विजू. जड पांघरूण सोसत नाही मला. गेल्या थंडीत सुशांतनं त्याची गोधडी घातली अंगावर, तर कूस बदलता येईना. शेवटी त्यालाच हाक मारली, तेव्हा त्यानं काढली. हाडांत काही राहिलं नाही रे. आता आपली जुनी साडी दुहेरी करून घेते."

"त्यानं थंडी भागते का, आई?"

"नाही भागत. पण हलकी असते." मग तीच त्याची समजूत घालायला लागली. "तूच घे ते. तुमच्याकडे एसी असतो ना रात्रभर? अंग उघडं टाकून झोपायची सवय तुझी."

फोन ठेवला तरी तो तसाच उभा होता. चारुशीलानं सगळं ऐकलं होतं. तरी तिनं हळूच विचारलं, "कुठल्या ढिगात ठेवू?"

त्यानं पहिल्या ढिगातला वजनकाटा ओढून काढला, ब्लँकेट दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि तो काट्यावर चढला. गुलाबांच्या आडून त्याला खालचा आकडा दिसेना. त्यानं लेकीला हाक मारली. चौदा वर्षांची जुईली कानातले इअरफोन काढत आली आणि वाकली.

"सेव्हन्टी-फाइव्ह अँड अ हाफ."

"नीट बघ, जुई. माझंच बहात्तर आहे."

"आय एम लुकिंग, बाबा. सेव्हन्टी-फाइव्ह अँड अ हाफ." तिनं मनातल्या मनात वजाबाकी केली. "सो, साडेतीन. कॅन आय गो?"

सहा सुट्ट्यांत ते एकदाही काट्यावर चढलं नव्हतं.

जुईली निघून गेली. चारुशीला ढिगांच्या मध्ये खाली बसून राहिली. विजयकुमार काट्यावरून उतरला नाही.