न बसलेला खरवस

खरवस याही खेपेला बसला नाही. कुकर उघडला तर डब्यात वेलदोड्याच्या वासाचं नुसतं पातळ दूध. आसावरीने हताशपणे त्यात सुरी फिरवली. ब्रिस्टलच्या मराठी मंडळात तिच्या खरवसाचं नाव होतं आणि संध्याकाळी पाहुणे यायचे होते.

"चीक कसला, साधं दूध आहे हे! मॉरीनबाईंनी चक्क गंडवलं मला."

"एवढ्या मोठ्या फार्मची मालकीण ती," तिचा नवरा पुष्कर हसला. "तुला गंडवून मिळवणार काय? थालीपीठं?"

फार्म खरंच मोठा होता. दगडी घर, हिरवीगार कुरणं, फाटकापाशी ट्रॅक्टर. आसावरीने पहिल्यांदा गाय व्यायल्यावरचं दूध मागितलं तेव्हा मॉरीनबाई पोट धरधरून हसल्या होत्या. ते वासरांसाठी असतं, माणसं खातात होय? पण दिली त्यांनी बादली भरून आणि पैसे काही घेतले नाहीत. आसावरीने ती बादली परत नेली ती थालीपीठं भरून.

"आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत," तिने सांगितलं. बाईंना ही रीत भारीच आवडली.

दिवाळीत मात्र ती नुसताच फराळाचा डबा घेऊन गेली, तर बाईंनी तो दारातूनच परत केला. "आम्ही फुकटचं घेत नाही, डियर." आसावरीला तेव्हा चांगलाच राग आला होता. म्हणे फुकटचं! आणि हल्ली त्याच बाईंचे सारखे फोन, बादली तयार आहे, येतेस का म्हणून. दर आठवड्याला कुठली गाय विते यांची?

आज विचारायचंच, असं ठरवून ती निघाली. बादलीत पाहुण्यांसाठी केलेला मसालेभात भरला. राग आला म्हणून रीत थोडीच सोडायची?

फार्मवर गेली तर गोठा उघडाच. आत एकही गाय नव्हती. शेणाचा वाससुद्धा जुना झाला होता. स्वयंपाकघराचं दार ढकललं तर घर बाहेरपेक्षाही गार. सिंकपाशी सुपरमार्केटच्या दुधाच्या निळ्या झाकणांच्या बाटल्या विसळून उपड्या घातलेल्या. गवळ्याच्या घरात दुकानातलं दूध! तेच बादलीत ओतून तिला मिळत होतं तर. मॉरीनबाईंचा नवरा, म्हातारा लेन, घरातच ओव्हरकोट घालून टेबलाशी बसला होता. बादली दिसताच त्याने उठून दोन ताटल्या मांडल्या.

येताना वाटेत घोकलेलं सगळं भांडण आसावरी विसरून गेली. दारातून परत आलेला तो फराळाचा डबा तेवढा आठवला.

आतून आलेल्या मॉरीनबाईंनी पटकन बाटल्यांवर फडकं टाकलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बसला का गं तुझा खरवस?" त्यांनी खाली बघत विचारलं.

"अगदी सुरीने वड्या पाडाव्यात असा!" आसावरीने बादली टेबलावर ठेवली. "पुढच्या आठवड्यात पुन्हा हवाय मला चीक. थोडासाच पुरे. बादली मात्र मोठी द्या."