सुभेदारांची दुसरी दाढ

ते साल २०१९. वारणेला महापूर यायला अजून महिनाभर होता. दुपारी साडेचारला नाथाजी सुभेदार शिराळ्याच्या नेट कॅफेत शिरले, तेव्हा त्यांचा डावा गाल लिंबाएवढा सुजला होता, तोंडात कापूस होता आणि पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर रक्ताचे दोन थेंब होते.

"आवं, कुणी मारलं का काय तुमाला?" त्यांच्या पत्नी मनुबाई खुर्चीवरून उठल्याच.

सुभेदारांनी मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. कापूस तासभर दाबून धरा, तोंड उघडू नका, असं त्यांना दवाखान्यात सांगितलं होतं. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. हुकूम म्हणजे हुकूम.

कॉम्प्युटरपुढे त्यांची नात क्रांती बसली होती आणि तिच्या शेजारी तिचा बाप जयराज. पाच वाजता प्रवेशाचा फॉर्म बंद होणार होता. दातांच्या दोन कॉलेजांत क्रांतीचा नंबर लागण्याजोगा होता. त्यातलं पहिलं कुठलं टाकायचं, एवढंच ठरवायचं होतं आणि पंधरा दिवस तेच ठरत नव्हतं. एक हायवेलगतचं, नवं, काचेचं. दुसरं जुनं, पत्र्याच्या शेडखाली पेशंट बसवणारं. दोघांच्या माहितीपुस्तकात वाक्य मात्र एकच : विद्यार्थ्यांना रुग्णांवर प्रत्यक्ष काम करायला मिळतं. क्रांतीला तेवढंच हवं होतं. पुस्तक पाठ करून दाढ निघत नाही, हात बसावा लागतो, हे तिला कळत होतं. पण ते खरं कुठल्या कॉलेजात, हे कुणालाच सांगता येईना. मामा म्हणाला नवं. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या जुनं. शेजारीण म्हणाली, दोन्ही नको, नर्सिंगला घाला. पोरीच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

सोमवारी सुभेदार कुणाला न सांगता नव्या कॉलेजात गेले आणि एक किडकी दाढ काढून आले. संध्याकाळी भाकरी-पिठलं खाऊन म्हणाले, "काढल्यालं कळलंसुदिक न्हाई." आज ते जुन्या कॉलेजात गेले होते. त्याचं फळ समोर दिसत होतं.

"बघितलंस?" जयराज म्हणाला. "तिकडं कळलं न्हाई आन् हितं ही दशा. कॉलेज हाय का खाटकाचं दुकान? क्रांते, टाक नवं वर."

सुभेदारांनी दोन बोटं वर करून जोरात हलवली.

"दोन दाढा काढल्या म्हणत्यात!" मनुबाई घाबरल्या.

सुभेदारांनी कपाळावर हात मारला. मग क्रांतीकडे बोट केलं, स्वतःच्या गालाकडे केलं आणि उजवा हात थरथरवून दाखवला.

"थंडी वाजतीया त्यास्नी. ताप भरला जणू."

"आज्जे, आबा काहीतरी वेगळंच सांगतायत."

"आगं, पन्नास वर्सं संसार केलाय मी. ह्यांची भुवई हलली तरी कळतं मला. पोरीला त्या जुन्या कॉलेजात पाठवू नगा, असं म्हणत्यात."

जयराजनं मान डोलावली. क्रांतीनं पहिल्या नंबरावर नवं कॉलेज टाकलं. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की का? एकदा दाबलं की बदलता येणार नव्हतं. तिचं बोट माउसवर अडलं. आज्जी एक सांगत होती, बाप तेच सांगत होता आणि आबांचे डोळे भलतंच काही बोलत होते.

"दाब की आता," जयराज म्हणाला.

सुभेदारांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तास भरायला अकरा मिनिटं बाकी होती. त्यांनी जन्मात पहिल्यांदा हुकूम मोडला. कापूस काढून हातात घेतला.

"नव्या ठिकाणी मास्तरनं दाढ काढली. बारा पोरं नुसती बघत हुती," ते अडखळत म्हणाले. "हितं एका पोरीनं काढली. हात लटालटा कापत हुता तिचा. पाऊण तास झुंजली माझ्या दाढंसंगं. मास्तर मागं उभा राहून नुसता बघत हुता. आता दाब, काय दाबायचं ते."

क्रांतीनं क्रम बदलला.

तिला जुनंच कॉलेज मिळालं. तिसऱ्या वर्षी तिचाही हात थरथर कापला, चौथ्या वर्षी कापायचा थांबला. ते कॉलेज आपणच निवडलं, असं जयराज अजून पाहुण्यारावळ्यांत सांगतो. सुभेदार २०२२च्या थंडीत गेले. मनुबाई आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत आणि दात दाखवायला क्रांती सोडून कुणापुढे तोंड उघडत नाहीत.

२०२५च्या दसऱ्याला क्रांतीनं मलकापुरात दवाखाना उघडला. तिला शिकवणाऱ्या एक डॉक्टर मुद्दाम आल्या. नाव कस्तुरी. त्या जुन्या कॉलेजातच शिकलेल्या आणि आता तिथंच शिकवणाऱ्या. क्रांतीनं हळूच सांगितलं, "आज्जे, आबांची दाढ काढणारी ती पोरगी ह्याच."

"तूच का गं ती, आमच्या ह्यांचं थोबाड सुजवणारी?" मनुबाईंनी कस्तुरींच्या हातावर पेढा ठेवला.

कस्तुरी हसल्या. मग पेढा हातातच धरून म्हणाल्या, "आज्जी, ती दाढ काढण्यासारखी नव्हतीच. वाचत होती. आमच्या सरांनी सांगितलं, मी दोनदा सांगितलं. चार खेपा या, नीट करून देते म्हटलं."

"मग?"

"म्हणाले, चार खेपा कुठल्या गं पोरी, नातीचा फारम आज पाचला बंद हुतोय. काढ."